कंडक्टरची निम्मी सीट

माझ्या डाव्या हातातली घुरघुर बंद पडली होती. सिस्टरने कानाला नळी लावून ऐकलं, जागा बदलून पुन्हा ऐकलं, मग बोटांनी दाबून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. डायलिसिसवाल्यांच्या हातात ऑपरेशन करून शिरा जोडलेल्या असतात. तिथं बोट ठेवलं की मांजर घुरघुरावं तसं लागतं. ते थांबलं म्हणजे आत रक्त गोठलं. शीर बंद तर मशीन बंद, आणि मशीन बंद म्हणजे काय ते आम्हाला कुणी सांगावं लागत नाही.

डॉक्टरीण बाई धावत आल्या. माझे रिपोर्ट खालीवर केले. म्हणाल्या, "आजी, रक्तवाढीचं तुमचं इंजेक्शन मी केव्हाच थांबवलंय. तरी रक्त चढतंच आहे. इतकं चढलं की ते गोठतं. तुम्ही बाहेरचं काही घेता का? खरं सांगा."

मी सांगणारच होते. पण शेजारच्या खाटेवरचे कंडक्टर ताडकन उठून बसले. त्यांच्या हातात दोन जाड सुया, नळ्या मशीनला जोडलेल्या. नळी ताणली आणि त्यांचं मशीन बोंबलायला लागलं. त्या बोंबेतच ते म्हणाले, "म्याडम, गोळ्या मी दिल्या. माझ्यातल्या."

"कसल्या गोळ्या?"

"तुमच्याच की. अभ्यासाच्या."

डॉक्टरीण बाई मटकन स्टुलावर बसल्या. सिस्टर मशीनचं बटण दाबायचं विसरून उभी. सगळा वॉर्ड आमच्याकडे बघायला लागला. आता मी जगणार की नाही, हे त्या खोलीत कोणालाच माहीत नव्हतं.

कंडक्टरना नाव होतं, पण आमच्यात ते कुणी घेतलं नाही. पाथरीचे. उभं आयुष्य एसटीत गेलेलं. मी वालूरची. दोघांनाही परभणीला यावं लागायचं, आठवड्यातून दोनदा, एकाच पाळीत, शेजारशेजारच्या खाटांवर. कंडक्टरना रिटायर होऊन किती वर्षं झाली तरी खांद्याला ती कातडी बॅग असायचीच. आता तिच्यात तिकिटं नव्हती. गोळ्या, रुमाल, बडीशेप आणि लुंगी.

त्या माणसाला एक खोड होती. कुणी उभं राहिलेलं त्यांना बघवायचं नाही. वॉर्डाच्या दाराशी नातेवाइकांसाठी एक बाक होता, तिघांचा. कंडक्टर आले की त्यावर पाचजण बसायचे. "सरका, सरका. जरा आत सरका. अजून एक बसतो." बसलेली माणसं शिव्या देत सरकायची, पण सरकायची. माझी सून एकदा म्हणाली, "कंडक्टरमामा, मी उभीच बरी हाय." तर तिच्यावरच ओरडले, "माझ्या गाडीत बाईमाणूस उभं न्हाई राहायचं!" गाडी कुठली, हॉस्पिटलचा बाक तो.

मशीनवरून सुटल्यावर आम्ही बरोबरच स्टँडवर जायचो. एकदा पाथरीच्या गाडीला गर्दी होती, एक म्हातारी दाराबाहेरच राहिली होती. हे दारात उभे राहून हाताला पट्टी बांधलेली असताना लोकांना आत रेटायला लागले. त्या गाडीची कंडक्टर पोरगी होती, गळ्यात तिकिटाचं मशीन. ती म्हणाली, "काका, तुमी रिटायर झालाव. बसा गप."

"मी बसतो गं. पण मागं चार माणसांची जागा हाय, ती कोण दाखवणार?"

"ती मला दिसायली."

"दिसायली तर मग ही म्हातारी बाहेर कामून?"

तिनं कपाळाला हात लावला आणि लोकांना मागं सरकवलं.

खाण्याचंही तसंच. आम्हाला केळं मना आहे. डायलिसिसवाल्याच्या काळजाला ते बाधतं. कंडक्टर एक केळं आणायचे आणि त्याचे इतके बारीक तुकडे करायचे की सगळ्या खाटांना पुरावं. सिस्टर ओरडली की म्हणायचे, "अख्खं बाधतं, माय. तुकडा कसा बाधंल?" ती खरंच गोंधळायची. सगळ्यांना थोडं थोडं दिलं की वाईट असेल तेही वाटलं जातं, असा त्यांचा समज होता. मला तो तेव्हा चुकीचा वाटला नाही.

अभ्यासाचं असं झालं. किडनी गेली की अंगातलं रक्तही कमी होतं, हे मला आधी ठाऊक नव्हतं. लघवीचं काम करणाऱ्याचा रक्ताशी काय संबंध? डॉक्टरीण बाईंनी सांगितलं, रक्त तयार करा असा निरोप किडनीच धाडते. ती गेली की निरोप बंद. म्हणून तो इंजेक्शनातून द्यायचा. आता एक नवी गोळी आली होती, ती घेतली की शरीर आपला निरोप आपणच तयार करतं म्हणे. दोन्हींत बरं कोणतं ते बघायचं होतं. काही पेशंटना इंजेक्शन, काहींना गोळी. कोणाला काय, ते कॉम्प्युटर ठरवणार.

मी विचारलं, "म्हणजे बरं कोणतं ते तुम्हाला माहीत नाही?"

"नाही, आजी. म्हणून तर अभ्यास."

मला पटलं नाही. माहीत नाही तर डॉक्टर कशाला झाल्या? कंडक्टर म्हणाले, "आक्का, बाई खरं तरी बोलाय लागल्यात. आमच्या डेपोत गाडी कवा येणार ते एकालाबी ठाऊक नसायचं, पण पब्लिकला सगळे सांगायचे, ही काय, आलीच."

मी चौथी शिकले आहे. अंगठा देत नाही, सही करते. बाईंनी सगळं वाचून दाखवलं, नको असेल तर नाही म्हणा असंही दोनदा सांगितलं. मी सही केली. कॉम्प्युटरने त्यांना गोळी दिली आणि मला इंजेक्शन.

इथूनच सगळा घोळ. ज्याची आधीच सुयांनी चाळणी झालेली, त्याला गोळी म्हणजे चैन. वॉर्डात सगळे कंडक्टरना म्हणायला लागले, तुमचं नशीब थोर. आणि त्यांचं रक्त चढलंही भराभर. आमच्यात एकमेकांना रक्ताचा आकडा विचारायची पद्धत आहे, शाळेत मार्क विचारतात तशी. त्यांचा आकडा वर, माझा होता तिथंच. त्यांच्या गालावर तुकतुकी आली. मी मात्र स्टँडपासून हॉस्पिटलपर्यंत तीन ठिकाणी बसत यायची.

एकदा मी अशीच फाटकाजवळच्या दगडावर धापा टाकत बसले होते. कंडक्टर मागून आले. 

"मशीननं मला सीट दिली आन् तुमाला उभं केलं," ते म्हणाले.

"काय करता मग? कॉम्प्युटरची मर्जी."

"मर्जी कसली? त्याला काय दिसतंय गाडीत कोण म्हातारं हाय ते?"

पुढच्या पाळीला त्यांनी बॅगेतून कागदाची पुडी काढली. बडीशेप होती आणि बडीशेपेत गोळ्या. "घ्या, आक्का. निम्मी सीट."

मी घेतल्या. आता पुष्कळजण विचारतात, कशाला घेतल्या? माणूस उठून जागा देतो तेव्हा आपण बसतो. त्यात विचारायचं काय?

डॉक्टरीण बाई दर वेळी कंडक्टरची गोळ्यांची बाटली मागून घ्यायच्या. ती बरोबर रिकामी असायची. त्यामुळे त्यांना संशय यायचं कारण नव्हतं. पण आता आकडे उलटे फिरले. गोळी घेणारे कंडक्टर खाली यायला लागले, आणि रखडलेली मी वर. बाई चक्रावल्या. त्यांनी कंडक्टरच्या गोळ्या वाढवल्या. कंडक्टरनी माझ्या वाढवल्या. बाईंनी माझं इंजेक्शन कमी केलं, मग बंदच केलं. तरी मी वर. त्यांनी पुन्हा रक्त तपासलं, मशीन तपासलं, सिस्टरला नमुन्यांची अदलाबदल केलीस का म्हणून बोलल्या. ती बिचारी रडली. आम्ही दोघं खाटांवर पडून हे सगळं बघत होतो, आणि खरं सांगते, या घोळाचा आमच्या पुडीशी संबंध असेल असं आम्हाला वाटलंच नाही. गोळी रक्त वाढवण्यासाठी होती. माझं वाढत होतं. चुकलं कुठं?

कंडक्टरचे ओठ मात्र पांढरे पडत चालले होते. मी म्हटलं, "तुमचा रंग उतरला. आता मला नका देऊ."

"उन्हात हिंडणं बंद केलंय, आक्का. गोरा व्हायलोय." आणि पुढं म्हणाले, "दिलेली सीट मधल्या स्टॉपला काढून घेता येत न्हाई."

मग त्या दिवशी माझी घुरघुर थांबली.

डॉक्टरीण बाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या ओरडतील असं वाटलं होतं. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, तुम्ही दोन माणसांचं मिळून एक करून टाकलं. आता यातलं कोणाला काय झालं, मी कुठून शोधू?" मग उठल्या आणि फोन लावायला लागल्या. मला तातडीने नांदेडला न्यायचं ठरलं.

मला स्ट्रेचरवरून नेताना कंडक्टर खाटेवरून विचारत होते, "म्याडम, मी बी येऊ का? म्याडम, गाडीत बसायला जागा हाय का?" त्यांच्या हातात अजून सुया होत्या.   

नांदेडला हातातली शीर उघडायचा प्रयत्न झाला. उघडली नाही. मानेत नळी घातली आणि तिच्यावर मशीन चालवलं. तिथले डॉक्टर सुनेला म्हणाले, एक दिवस उशीर झाला असता तर अवघड होतं. पुढं उजव्या हाताचं ऑपरेशन झालं. त्या हातात आता घुरघुर आहे. सकाळी उठले की आधी तिथं कान लावते.

आम्हा दोघांना अभ्यासातून काढलं. उपचार बंद नाही केले, इंजेक्शन दोघांनाही चालू ठेवलं. पण कंडक्टरचं रक्त लवकर वर येईना. दोनदा रक्ताची बाटली चढवली. खाटा शेजारीच होत्या, पण ते माझ्याशी पहिल्यासारखं बोलत नसत. बडीशेप देतानाही आधी पुडी उघडून दाखवायचे, नुसती बडीशेप आहे म्हणून. मला त्याचा राग यायचा. मी म्हटलं, "मी काय तुमच्यावर केस करायलेय का?" ते म्हणाले, "आक्का, मला कळंना गेलंय. मी तुमाला बसवलं का ढकललं?" 

दिवाळीनंतर एका पाळीला त्यांची खाट रिकामी दिसली. डायलिसिसला निघायचं म्हणून घरात सदरा घालत होते, तसेच खाली बसले आणि गेले. काळीज थांबलं. मी डॉक्टरीण बाईंना सरळ विचारलं, "गोळ्या निम्म्या खाल्ल्या म्हणून गेले का?"

"त्यांचं हृदय आधीच थकलेलं होतं, आजी. रक्त कमी राहिलं त्याचा भार पडला असेल. नसेलही. मला माहीत नाही."

माहीत नाही म्हणणं या बाईंना चांगलं जमतं. पण खोटं बोलत नाहीत, हे कंडक्टर म्हणाले ते बरोबर.

पुढे कधीतरी मी त्यांना विचारलं, अखेर बरं काय निघालं, गोळी का इंजेक्शन? बाई म्हणाल्या, आपल्या वॉर्डात तरी दोन्हींचं काम सारखंच दिसलं. माझं रक्त सुरुवातीला चढलं नव्हतं त्याचं काय, तर म्हणे काहींना इंजेक्शन लागू पडायला वेळ लागतो, थोडं थांबलो असतो तर चढलंच असतं.

"म्हणजे मी उभी नव्हतेच," मी म्हटलं.

बाईंना काही कळलं नाही. मी समजावत बसले नाही.

पाथरीला त्यांच्या घरी जाऊन आले. त्यांची बायको ओट्यावर गहू निवडत बसली होती. माझी ओळख दिली तेव्हा तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मला वाटलं, आता बोलेल. मी ऐकून घ्यायला तयार होते.

"त्या गोळीवाल्या आक्का तुमीच?"

"मीच."

"सगळा जन्म लोकायला बसवण्यात गेला त्यांचा," ती म्हणाली. "घरी मी एकटी असले तरी म्हणायचे, सरक जरा." मग सूप बाजूला ठेवून ओट्यावर आत सरकली आणि मला जागा केली. "तुमी जगलाव ना?"

"जगले."

"मग बसा."

त्या अभ्यासातून आम्हा दोघांना एकाच दिवशी काढलं होतं. कंडक्टर गेले. मी जिवंत आहे.