भट्टीवरची अडतीस माणसं

निघोज्याच्या भैरवनाथ मंदिरात गुरुवारचं भजन नुकतंच रंगायला लागलं होतं. तेवढ्यात वीस-पंचवीस कामगार कंपनीच्या कपड्यांवरच सभामंडपात शिरले. पुढे भट्टीवरचा धनेश होता. हातातला कागद त्यानं महिला भजनी मंडळाच्या कुसुमताईंच्या पुढ्यात आपटला.

"वाचा ताई! तुमच्या भजनानं आमची भाकरी खाल्ली."

टाळ थांबले. कागद म्हणजे कंपनीच्या गेटवर लागलेल्या नोटिशीची झेरॉक्स होती. गावकऱ्यांच्या मागणीवरून एक तारखेपासून तेलावरची भट्टी बंद, तिच्या जागी विजेवरची येणार, आणि जुन्या भट्टीवरच्या अडतीस कंत्राटी कामगारांची गरज उरणार नाही. खाली नावं होती. सतरावं नाव ज्योतीरामचं, कुसुमताईंच्या नवऱ्याचं.

बावीस वर्षांपूर्वी हे जोडपं जिंतूरकडून इथं आलं. ज्योतीराम लोखंड तापवून घडवणाऱ्या या फोर्जिंगच्या कंपनीत भट्टीवर लागला, कुसुमताई दुसऱ्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटू लागल्या. परक्या गावात त्यांना माणसं मिळाली ती भजनी मंडळात. मंडळाचे म्हातारे प्रमुख भिमाजी इथले जुने शेतकरी. त्यांनीच महिला मंडळ या बाहेरगावच्या बाईच्या हाती दिलं.

भट्टीच्या धुराड्यातून काजळी उडायची. दोरीवरच्या कपड्यांवर बसायची, अंगणवाडीतल्या लेकरांच्या छातीत बसायची. गेल्या वर्षी इंद्रायणीकाठच्या भजनी मंडळांची आळंदीत बैठक झाली. नुसतं हरिनाम घेऊन भागणार नाही, ज्या हवेत नाम घ्यायचं ती हवाही राखली पाहिजे, असं ठरलं. तेल-कोळशाच्या भट्ट्या बंद करा, असा अर्ज गावोगावी द्यायचा होता. निघोज्याच्या अर्जावर पहिली सही कुसुमताईंची. बुद्धविहाराचं काम बघणाऱ्या बुद्धरत्नांनी वस्तीतून दोनशे सह्या आणल्या. भट्टीवरच्या माणसांचं काय, हा प्रश्न कुसुमताईंच्या मनात तेव्हाच आला होता. पण त्या बोलल्या नव्हत्या. कंपनी बघेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं.

"अर्ज मागं घ्या," धनेश ओरडला. "आत्ताच्या आत्ता."

"देऊळ हाय हे. आवाज खाली घे," भिमाजी म्हणाले.

"तुमचं काय बाबा, तुमच्या जमिनीला कंपनीचं भाडं येतं!"

कुसुमताई उठल्या.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "धूर दिसला, धुरातली माणसं बघायची राहिली. पण अर्ज मागं न्हाई घेणार. तुमच्या सगळ्यांचा खोकला मी घरात रोज ऐकते. आता दुसरा अर्ज करू. भट्टी बदला, माणसं तीच ठेवा. त्यांनाच नवं काम शिकवा."

"आणि कंपनी न्हाई म्हणली तर?"

उत्तराची वाट न बघता धनेश कागद तिथंच टाकून निघून गेला.

घरी ज्योतीराम बोलेना. समोर ठेवलेलं ताट संपवायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा. असे अकरा दिवस गेले. तेवढ्या दिवसांत मंदिरात आणि विहारात मिळून दुसऱ्या अर्जावर नऊशे सह्या झाल्या. कंपनीचं उत्तर आलं नाही, तेव्हा मंडळानं गेटसमोर बसायचं ठरवलं. आदल्या दिवशी दुपारी मॅनेजर अजिंक्यसाहेबांनी कुसुमताईंना एकटीलाच बोलावलं.

"ताई, भजनी मंडळाचा कामगारांशी काय संबंध?"

"धूर बंद करा म्हणलो तेव्हा तुम्ही आमचं नाव नोटिशीत घातलं साहेब. गावकऱ्यांच्या मागणीवरून, असं लिहिलं. तेव्हा होता, आता न्हाई का?"

साहेब आवाज उतरवून म्हणाले, "तुमच्या मिस्टरांचं नाव मी यादीतून आज काढतो. ट्रेनिंग देतो, कायम करतो. तुम्ही फक्त उद्याचं बसणं थांबवा."

बावीस वर्षांत 'कायम' हा शब्द कुसुमताईंच्या घराच्या वाटेला आला नव्हता. नाही म्हणायला जीभ उचलेना. "विचारून सांगते," एवढं म्हणून त्या उठल्या.

घरी आल्या तेव्हा ज्योतीराम दारात बसला होता. त्यांनी सगळं सांगितलं. काही झाकलं नाही, होय म्हणावंसं वाटलं हेसुद्धा. तो चपलेचा अंगठा चिवडत राहिला.

"एकट्याचं नाव काढलं तर उद्या धनेशला तोंड कसं दावू?" अकरा दिवसांत तो पहिल्यांदा बोलला. "जा तू. बस गेटवर. मी पन येतो."

सकाळी सहाला रस्ता सोडून, कडेला सतरंज्या पसरल्या. मंदिराच्या बाया, विहारातली माणसं, भट्टीवरचे कामगार. समोर पोलिसांची गाडी उभी राहिली. कोणी घोषणा दिली नाही. भजन झालं, मग बुद्धवंदना, पुन्हा भजन. पहिल्या शिफ्टचे कायम कामगार आत जाताना थबकले, आणि त्यातले काही खाली बसले. सुपरवायझर नावं लिहून घेऊ लागला तशी बसणाऱ्यांची चुळबुळ सुरू झाली. दोघं उठून गेले. बाकीचे बसून राहिले. आत मशीन सुरू होईनात. एक फौजदार येऊन म्हणाला, "बाई, अर्ध्या तासात उठा, नाहीतर गाडीत घालावं लागेल." कुसुमताई उठल्या नाहीत, त्यांनी पुढचा अभंग धरला. भिमाजींनी मागून साथ धरली.

अर्धा तास संपायच्या आत आतून बोलावणं आलं. साहेब तोंडी कबूल करत होते. कुसुमताई म्हणाल्या, "लिहून द्या." दुपारी एकला शिक्क्याचा कागद मिळाला. अडतीस जणांना तीन महिने पगारी ट्रेनिंग, आणि जमलं नाही त्यांना दुसऱ्या खात्यात काम.

एकोणतीस जण विजेच्या भट्टीवर लागले. ज्योतीरामला स्क्रीनवरचे आकडे काही जमले नाहीत. तो आता पॅकिंगला आहे, कंत्राटीच. पगार थोडा कमी आहे आणि खोकलाही थोडा कमी आहे.

धनेश मात्र त्या सकाळी गेटवर नव्हता. दोन दिवस आधीच, कुणालाही न सांगता, खोली रिकामी करून तो गावी निघून गेला होता. कुसुमताईंनी चार वेळा फोन केला, पाचव्यांदा त्यानं उचलला.

"ताई, पोरीला इकडच्या शाळेत घातलं आता," तो म्हणाला. "अर्ज द्यायच्या आधी तुमी आमच्याशी बोलला असता तर थांबलो असतो."

पुढच्या महिन्यात शेजारच्या गावचं भजनी मंडळ असाच अर्ज घेऊन कुसुमताईंकडे सहीसाठी आलं, तेव्हा त्यांनी आधी विचारलं, "तिथं भट्टीवर किती माणसं हायत? त्यांना भेटलात का?"