सुषमासाठी खणलेली जागा

सुरतेच्या बमरोलीत सरलाबाईच्या खोलीमागे एक चिंचोळी पट्टी होती. एका बाजूला खोलीची भिंत, दुसरीकडे मिलचं कंपाउंड. वर्षानुवर्षं तिथे विटांचे तुकडे आणि मागावरून निघालेले दोऱ्यांचे गुंतवळे येऊन पडलेले. शहाण्णव सालची संक्रांत झाली आणि सरलाबाईनं घरमालकाला विचारलं, "काका, इथे भाजी लावू का?"

"वावो ने, कोण ना पाडे छे?" तो म्हणाला, लाव की, कोण नाही म्हणतंय. दुसऱ्याच दिवशी तिनं कुदळ घेतली.

कारण सुषमा येणार होती. एकुलती एक पोर, दोन वर्षांपूर्वी शिरपूरकडच्या एका गावात ललितला दिलेली. सातवा महिना होता, पहिलं बाळंतपण माहेरी.

नवरा धुडकू पॉवरलूमवर माग चालवायचा. पाळी संपवून आला की दारात उभा राहून बघायचा. "कितलं खंदशी वं? खाली नुस्त्या इटा."

"मन्ही पोर ई राह्यनी. बाजारनी शिळी भाजी खाई का ती?"

आठ दिवस तिनं विटाच काढल्या. तबेल्यातून शेणखताच्या पाट्या डोक्यावर आणल्या, माती उलथून चार दिवस उन्हात ठेवली. थंडी ओसरली तसे वाफे ओढले. भिंतीकडे शेपू आणि पालक, कडेनं गवार आणि भेंडी, कोपऱ्यात दुधीचं आळं. बायकोचा जीव लागलेला बघून धुडकूनंही कुठूनसे बांबू आणले आणि दुधीला मांडव घातला.

सुषमा आली ती वाळलेली. मनगटं नुसती काड्या झालेली. सरलाबाई तिला वाकू द्यायची नाही, म्हणून ती पत्र्याच्या डब्यावर बसून मातीतले दोरे वेचत राहायची. असंच एकदा, मान खाली घालून, ती म्हणाली, "माय, आते माले तठे धाडू नको."

सरलाबाई पाणी घालत होती. तिचा हात थांबला.

"ललितराव मारतात का?"

सुषमा एक दोरा बोटाला गुंडाळत राहिली.

"पोर झालं की समदं नीट हुई जाई," सरलाबाई म्हणाली आणि पुढच्या वाफ्याकडे गेली.

चैत्रात मुलगी झाली. शेपूची भाजी, बाजरीची भाकरी, दुधीचा रस्सा. पाच महिन्यांत सुषमाच्या गालावर मांस आलं. शेजारच्या केशरबाई म्हणायच्या, "पोर वळखू येत नाही हो!" ती हसायची. परत जाण्याबद्दल ती पुन्हा काही बोलली नाही, आणि सरलाबाईनंही विचारलं नाही. भाद्रपदात ललित न्यायला आला. नवी साडी, बाळाला झबली, दोन दुधी पिशवीत घालून सरलाबाईनं लेक गाडीत बसवून दिली. गाडी हलली तेव्हा सुषमा खिडकीशी नव्हती. आत, पलीकडच्या बाजूला तोंड करून बसली होती.

पुढच्या माघात सरलाबाईनं पुन्हा जमीन उकरायला घेतली. होळीला लेक-नात येतील, असा तिचा हिशेब. तीन वाफे झाले होते. तेवढ्यात धुडकू भर दुपारी घरी आला. माग चालू टाकून तो कधी आला नव्हता. अंगावर कापसाचा भुगा तसाच.

"काय झालं?"

"शेठकडे फोन आला होता." तो तिथेच मातीत बसला. "सुषमा विहिरीत पडली म्हणतात."

दोघं तिच्या गावी पोचली तेव्हा पाय घसरला, असं सासरचे सांगत होते. पंचनाम्यातही तेच लिहिलं गेलं. ललितनं मान वर केली नाही. सासूनं दहा महिन्यांची चैताली सरलाबाईच्या मांडीवर ठेवली, "पोरगी तुम्हीच न्या." सरलाबाईनं नातीला पदरात घेतलं आणि नंदुरबारहून सुरतेची गाडी धरली.

बरेच महिने ती खोलीमागे गेली नाही. उकरलेली माती ऊन खाऊन पुन्हा दगडासारखी झाली. पावसाच्या तोंडावर धुडकू एकटाच कुदळ घेऊन बसला. ती दारात आली आणि म्हणाली, "राहू द्या. तिनं मला सांगितलं होतं."

"काय?"

"नको धाडू म्हणाली होती. मी पाणी घालत राहिले."

धुडकूनं कुदळ खाली ठेवली. ही गोष्ट त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळली. त्यानं तिला एका शब्दानंही बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं सरलाबाई केशरबाईंना पुढे एकदा म्हणाली.

नव्व्याण्णव साली घरमालकानं त्या पट्टीवर दोन खोल्या काढल्या. तोवर सरलाबाई घरी साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम करू लागली होती. चैताली शेजारच्या पोरांत गुजराती बोलायला शिकली, घरी अहिराणी. ती सरलाबाईला, सुषमासारखंच, 'माय' म्हणायची. सुरुवातीला सरलाबाई तिला दुरुस्त करायची, "माय नई वं, आजी." पोर ऐकायची नाही. हळूहळू तिनं सांगणं सोडलं. पण त्या हाकेला 'ओ' द्यायच्या आधी प्रत्येक वेळी ती हातातलं काम खाली ठेवायची.