लवू पखवाजीचा ठेका

आमच्या भजनमंडळात सगळ्यात शांत माणूस म्हणजे लवू. पखवाज मांडीवर घेतला की बाकीचं जग त्याच्या लेखी नसल्यातच जमा. आणि आमचा बुवा चंदन म्हणजे नुसतं फुरसं! डबलबारी असली की दुपारपासून जेवण बंद, हार्मोनियम आणणाऱ्यावर आरडाओरडा, आम्हा कोरसवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार आणि स्टेजवर चढण्याआधी हमखास ओकारी. लोक म्हणतात, कलावंत मनस्वीच असायचा. मी वीस वर्षं त्याच्या मागे बसून झांज वाजवतोय. मला विचाराल तर 'मनस्वी' हा लाडावून ठेवलेल्या माणसासाठी शोधलेला शब्द आहे.

डबलबारी म्हणजे दोन बुवांचा सामना. समोरासमोर दोन स्टेज. एकाने गाता गाता पुराणातला प्रश्न टाकायचा, चिमटे काढायचे, दुसऱ्याने आपल्या बारीत उत्तर द्यायचं. गेल्या मे महिन्यात मालवणजवळ एका सत्यनारायणाच्या पूजेला आमची बारी लागली ती मिठबावच्या शिवा बुवांशी. शिवा बुवा म्हणजे लवूचे सख्खे भावोजी, त्याच्या मथुराआक्काचे यजमान. पुराणात त्यांचा हात धरणारा कोणी नाही, त्यामुळे चंदनची सकाळपासूनच तंतरली होती.

"माका कायतरी दी रे लवू," पडद्यामागे तो रडकुंडीला आला. "शिवाच्या घरातला कायतरी सांग. नायतर मी स्टेजार चढूचंय नाय."

लवू आधी नाही म्हणाला. मग चंदन खांबावर डोकं आपटायला लागला. बाहेर माणसं खोळंबलेली. त्याला एकदाचं गप्प करावं म्हणून लवूने सांगून टाकलं. शिवा बुवांची मुलगी संचिता कोल्हापूरला नर्सिंग शिकत होती. परीक्षेच्या हॉलमध्ये तिचे हातपाय गार पडले आणि ती कोरा पेपर ठेवून घरी पळून आली. गावात सांगितलं होतं, सुट्टी आहे. आक्का हे फक्त भावाजवळ बोलली होती. गणपती झाल्यावर मन घट्ट करून पोरगी पुन्हा परीक्षेला बसणार होती.

"पण ह्यातला काय गाण्यात घेव नको हां," लवू म्हणाला. चंदनने गळ्याला हात लावून शपथ घेतली.

शिवा बुवांनी पहिल्याच बारीत प्रश्न टाकला आणि चंदनला उत्तर येईना. मग त्याने चाल धरली:

"लेक पळता पेपर सोडून, बापूस प्रश्न घालता,
कोरो कागद घराक इलो, बुवा पुराण वाचता!"

मांडव हसून लोळला. शिट्ट्या काय, टाळ्या काय! लवूने एकदाच मान वर करून भावोजींकडे पाहिलं. पण हात चालूच. उलट दुसऱ्यांदा ओळ आली तेव्हा त्याने असा काही तोडा टाकला की लोकांनी वन्समोअर मागितला. आम्ही कोरसवाल्यांनी ती ओळ सहा वेळा ओढली. मला आता त्याची लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती.

शिवा बुवा दुसऱ्या बारीला बसलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी ती ओळ ज्याच्या त्याच्या मोबाइलवर. चंदनच्या तारखा वाढल्या. 'बारीत असा चालताच' म्हणत तो कॉलर ताठ करून फिरतो. संचिता मात्र परीक्षेला गेलीच नाही. उंबऱ्याबाहेरही पडत नाही म्हणतात.

भाऊबीजेला लवू मिठबावला निघाला. एकट्याला धीर होईना म्हणून मला मोटारसायकलवर मागे बसवून घेतलं. आम्ही पोचलो तशी भावोजींनी चपला घातल्या आणि ते बाहेर पडले. आक्काने पाट मांडला, निरांजन लावलं, कुंकू लावायला वाकली आणि तशीच थांबली.

"म्हटल्यान चंदन बुवान. तेचो तो धंदोच," ती म्हणाली. "पण तुझे हात कशाक चलत ऱ्हवले रे?"

दुसरा कोणी असता तर काहीतरी थाप मारून मोकळा झाला असता. लवूला तेही जमत नाही. मान खाली घालून तो म्हणाला, "ठेको बरो बसललो गो, आक्का."

आक्काने ओवाळणीचं ताट उचललं आणि ती आत गेली. आम्ही बराच वेळ वाट पाहिली. ती काही बाहेर आली नाही. शेवटी मीच लवूला दंडाला धरून पाटावरून उठवलं.