डिस्ट्रिब्युटरसाठी पडेगावला

नगर सोडलं तेव्हा सकाळचे सहा वाजले होते आणि आभाळ इतकं खाली आलं होतं की गाडीचे दिवे लावूनच निघावं लागलं. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. गाडी मी चालवत होते. शेजारी माझे पती प्रभाकर, मांडीवर पाण्याची बाटली दोन्ही हातांनी धरून बसलेले. पाटबंधारे खात्यात सगळी नोकरी काढलेला हा माणूस दीड वर्षापासून विसरत चालला आहे. आधी नावं गेली, मग रस्ते. आवडीच्या कामात गुंतवून ठेवा, असं डॉक्टर म्हणाले होते. ह्यांच्या आवडीचं काम एकच, ही पस्तीस वर्षांची पेट्रोल गाडी. आता ती चढावर आचके देत होती, आणि तिच्या डिस्ट्रिब्युटरला (इंजिनातल्या चारही प्लगना पाळीपाळीने ठिणगी वाटून देणारा भाग) हात लावायला नगरमध्ये कुणी तयार नव्हतं. म्हणून संभाजीनगरला, ह्यांच्या तरुणपणच्या मेकॅनिक मित्राकडे, काशिनाथकडे निघालो होतो. गाडी विकून टाक, असं मुलगा फोनवर म्हणाला होता. मी विषय बदलला होता.

नेवासा फाट्याच्या अलीकडे गाडी बंदच पडली. एका उसाच्या ट्रॅक्टरवाल्याने खाली उतरून धक्का दिला. हेही मागे जाऊन हात लावायला लागले, तर तो म्हणाला की मामा, तुम्ही आत बसा, पडाल. हे निमूट येऊन बसले. पूर्वी असं कुणी म्हटलं असतं तर ह्यांनी अर्धा तास ऐकवलं असतं.

वाळूजचे कारखाने मागे टाकून नगर नाक्यावरून डावीकडे वळलो. दौलताबाद रस्त्याला पडेगावात काशिनाथची पत्र्याची शेड आहे. घराणं मेंढपाळांचं. मागच्या मोकळ्या जागेत त्याच्या धाकट्या भावाची मेंढरं बसलेली होती. ह्यांची पहिली नेमणूक इथं होती तेव्हा काशिनाथ सरकारी जीप दुरुस्त करायचा आणि हे सुट्टीच्या दिवशी त्याच्याजवळ बसून शिकायचे. काशिनाथ हात पुसत पुढे आला. ह्यांनी त्याला नमस्कार केला आणि विचारलं, आपण कुठले?

काशिनाथने खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाला, "इथलाच हाय, साहेब. बसा."

डिस्ट्रिब्युटर काढून त्याने फळीवर ठेवला. वरचं झाकण, त्याखाली फिरणारा अंगठ्याएवढा रोटर, मग पॉइंट, म्हणजे वीज जोडणारी-तोडणारी पत्ती. सगळं एकेक करून फडक्यावर मांडलं. मधली दांडी दोन बोटांत धरून हलवली तर ती खिळखिळी लागली. "वहिनी, बुश झिजलाय," तो म्हणाला. "दांडीच डुलती. पॉइंट किती बी नवा लावा, नाय टिकायचा." बुश म्हणजे दांडी ज्यात फिरते ती कडी. ती लेथवर नवी करून घ्यावी लागणार होती आणि पॉइंट औरंगपुऱ्यातल्या एका जुन्या दुकानातून आणावा लागणार होता. पॉइंटच्या जोडीचा कंडेन्सरही नवाच आणतो, असं तो म्हणाला, तेवढ्यात हे खुर्चीतून बोलले.

"जुनाच राहू दे, काशिनाथ. नवे टिकत नाहीत."

आम्ही दोघं थांबलोच. काशिनाथने मान खाली घातली आणि व्हय म्हणाला.

काम व्हायला संध्याकाळ होणार होती. आम्ही बसने खुलताबादला गेलो. घाटात धुकं होतं, किल्ला दिसलाच नाही. दर्ग्याकडच्या रस्त्यावर टोपलीत सीताफळं मांडून बसलेल्या बाईने दोन फळं फोडून हातावर ठेवली. हे सावकाश बिया वेचत खात होते आणि इथल्या कुठल्या गल्लीतून तलावाकडे जाता येतं ते सांगत होते. बाई म्हणाली, बरोबर सांगतेत. मला वाटलं, डॉक्टरांचं खरं होतं. आपण आधीच यायला हवं होतं.

परतलो तेव्हा नवा बुश बसला होता. काशिनाथने एक छोटा बल्ब जोडून टायमिंग लावलं, किल्ली फिरवली, आणि इंजिन एका दमात, एकसारखं चालू झालं. हे उठून गाडीजवळ गेले. मी चालवतो, म्हणाले. मी नको म्हणायला हवं होतं. मी शेजारी जाऊन बसले.

शंभर पावलं गाडी सुरेख गेली. मग रस्त्यावर वळताना मध्येच उभी राहिली. समोरून ट्रक येत होता. ह्यांनी स्टिअरिंग सोडलं, पायांकडे पाहिलं आणि मला विचारलं, "ह्यातलं कुठलं?"

ट्रक बोनेटपासून हातभर अंतरावर थांबला. ड्रायव्हर शिव्या देत उतरला, पण ह्यांचा चेहरा बघून परत केबिनमध्ये चढला. काशिनाथ धावत आला होता. गाडी त्याने शेडमध्ये नेली.

रात्री त्याच्याच घरी जेवलो. भाकरी आणि येसराची आमटी (भाजलेली धान्यं-डाळी दळून केलेल्या मसाल्याचं कालवण). सकाळी निघताना काशिनाथने मला बाजूला बोलावून झाकण काढायला आणि रोटर उपसायला शिकवलं. घरी गेल्यावर एवढा काढून ठेवा, म्हणाला, मग गाडी चालू होत नाही.

"त्यांना कळेल," मी म्हणाले. "झाकण उघडलं की लगेच कळेल."

"कळलं तर किल्ली देऊन टाका, वहिनी," तो म्हणाला. "ज्याला ते कळतंय, त्यो गाडी चालवंल."

परतीच्या वाटेवर गाडी कुठेही अडली नाही. मी चालवत होते, हे झोपले होते. इतकी चांगली ती कित्येक वर्षांत चालली नव्हती. घरी आल्यावर हे आत गेले आणि मी रोटर काढला.

त्याला आता चार महिने झाले. हे रोज सकाळी किल्ली फिरवतात, मग बोनेट उघडतात, झाकण काढतात. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघते. पहिले काही दिवस मला भीती वाटायची की आत्ता हे वळून विचारतील, रोटर कुठे गेला? आता मी रोज त्याच प्रश्नाची वाट बघते. हे रिकाम्या दांडीकडे बराच वेळ पाहतात, फडक्याने ती पुसतात आणि झाकण पुन्हा नीट बसवतात.