खोरची गाडी

मी चौथीपर्यंत शिकले. मराठी वाचता येतं, इंग्रजी येत नाही. त्यामुळे दोहात मी रस्ते दुकानांच्या रंगावरून ओळखते. अल नस्र भागात आमच्या इमारतीखाली हिरव्या पाटीचं औषधांचं दुकान आहे, त्याच्या पुढे बसथांबा. तिथली बस शहरातल्या मोठ्या स्टँडवर जाते. घरात बसून कंटाळू नये म्हणून मुलाने आम्हा दोघांना बसची कार्डं काढून दिली होती. माझ्या म्हाताऱ्याचं डोकं तेव्हा शाबूत होतं. मग तो आधी चष्मा विसरायला लागला, नंतर नातवाचं नाव, नंतर आपण कुठल्या देशात आहोत तेच. सकाळी उठला की विचारायचा, "एसटी किती वाजता आहे?"

त्या दिवशी मी आंघोळ करून आले तर दार सताड उघडं. चपला नाहीत, टोपी नाही, म्हातारा नाही. भर उन्हाळा होता. सून आणि नातू सुट्टीला पुण्याला गेलेले. मुलगा वेस्ट बे भागातल्या ऑफिसात. त्याला फोन लावला, नुसता वाजत राहिला. मीटिंग असली की तो फोनचा आवाज बंद ठेवतो. खाली वॉचमन म्हणाला, "बाबा तो बस में चढ़ गया." मी म्हटलं, "चढ़ने कैसे दिया रे?" तो म्हणाला, "मैंने पूछा तो बोला, गाँव जा रहा हूँ."

मी पुढच्या बसने स्टँडवर गेले. तिथे एक युनिफॉर्मवाला उभा होता. त्याला सांगितलं, बूढ़ा आदमी, सफेद टोपी. तो म्हणाला, "अम्मा, टोपी तो इधर सब पहनता है." हाताने गांधी टोपीचं टोक करून दाखवलं, तरी त्याच्या डोक्यात शिरलं नाही. मी एकेका बसमध्ये डोकावत सुटले. मुलाला आणखी तीनदा फोन लावला, उचलला नाही. या गावात म्हातारा कुणालाही विचारणार नाही, विचारलं तरी मराठीत विचारणार, आणि अशा उन्हात घोटभर पाण्यावाचून तो किती वेळ उभा राहील, हेच डोक्यात फिरत होतं.

तेवढ्यात रांगेतल्या एका कामगाराने ड्रायव्हरला विचारलं, "भाई, खोर जाएगी?"

मी जागच्या जागी थांबले. आमचं गाव खोर. दौंडकडचं, अंजिराचं. इथे उत्तरेला समुद्राकाठी अल खोर नावाचं गाव आहे, हे मला मुलाच्या बोलण्यातून माहीत होतं. म्हाताऱ्याने इथे हेच नाव ऐकलं असणार. त्याला दुसरं काय पाहिजे होतं?

पण त्याला या बसमध्ये चढताना बघितलं कुणीच नव्हतं. माझा अंदाज चुकला तर मी त्याच्यापासून लांब लांब जाणार होते. तरी चढले.

शहर मागे पडलं, मग नुसतं रेताड. मी देवाचं नाव घेतलं नाही. खिडकीबाहेर बघायचं काम होतं, ते केलं. प्रत्येक थांब्यावर वाटायचं, इथे तर उतरला नसेल? एका ठिकाणी पांढरं काही हललं, मी ओरडले, ड्रायव्हर दचकला. प्लॅस्टिकची पिशवी होती.

अर्ध्या वाटेत मुलाचा फोन आला.

"आई, एवढे मिस्ड कॉल? कुठे आहेस?"

"खोरला चाललेय."

"कुठल्या खोरला?"

"दौंडच्या नव्हे, तुझ्या इथल्या. तुझा बाप गावाला गेलाय. मला वाटतंय, इकडेच आलाय."

तो म्हणाला, "आई, उतरलीस की तिथून हलू नकोस. मी निघालो."

मी उतरले आणि हललेच. थांब्यासमोर चहाचं दुकान होतं. दुकानवाला केरळचा. टोपीची खूण केल्यावर तो लगेच म्हणाला, "हाँ अम्मा. पानी दिया उसको. उधर समुंदर तरफ गया." त्याच्याकडून पाण्याची बाटली घेतली आणि पदर डोक्यावर ओढून चालत राहिले.

म्हातारा काठावर दगडावर बसला होता. चेहरा तांबडालाल, ओठ फुटलेले. मला बघून खूश झाला.

"अगं, बघ तरी! केवढं पाणी आलंय गावाला! आता अंजिराला टँकर नको."

"आलं बाई एकदाचं. पाणी प्या. उठा, घरी चला."

"घरीच तर आलोय. फक्त आपली गल्ली सापडेना. ओळखीचं कुणीच दिसेना, सगळे मेले की काय?"

"सावलीत चला, मग शोधू."

"तू जा. मी चुलत्याच्या घरी उतरतो."

हात धरून ओढलं तर त्याने मला ढकललं. जन्मात कधी ढकललं नव्हतं. मी वाळूत बसले ती बसलेच. माझ्या अंगात त्याला उचलायचं बळ नव्हतं आणि तो उठणार नव्हता. मुलाला फोन करून समुद्राकाठी ये म्हटलं, मग पदर ओला करून त्याच्या डोक्यावर धरला. तो ऊन खात पाण्याकडे बघत राहिला, मी रस्त्याकडे.

मुलगा आला तेव्हा त्याचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. म्हाताऱ्याने त्याला हात जोडले. "साहेब, हे खोरच ना?"

मुलाचं तोंड बघवत नव्हतं. तो म्हणाला, "हो बाबा, खोरच. पण तुमचं घर थोडं पुढे आहे. गाडीतून सोडतो."

साहेबाने सांगितल्यावर म्हातारा निमूट उठला. गाडी वळली आणि समुद्र मागे गेला, तसा तो काचेवर हात आपटायला लागला. "ओ साहेब, गाव मागे राहिलं! थांबवा! गाव मागे राहिलं!"

मी त्याचे दोन्ही हात धरून ठेवले. पुढे मुलगा रडत होता. मी म्हटलं, "रडू नको. रस्ता बघून चालव."