काकीचे संवाद आणि गावकीचा ठराव

माझ्या कथेतली म्हातारी बोलते ते वाक्य न् वाक्य माझ्या काकीचं. पोलादपूरच्या वर डोंगरातल्या आमच्या वाडीत ती चुलीपुढे बोलायची आणि मी गुपचूप उतरवून घ्यायचो. निवेदन माझं, महाडला मास्तरकी करून घोटलेलं शुद्ध; संवाद मात्र तिचे. केवढा तोरा होता मला त्याचा! काकीला विचारावं, हे काही सुचलं नाही.

कथेचं पुस्तक वाडीत पोचलं आणि गावकी बसली. बांधाच्या भांडणावरून नेहमीच बसते, संवादांवरून पहिल्यांदाच. देवळात सतरंजी अंथरली. मुंबईकर मंडळाचे दोघे रजा काढून आले होते. अध्यक्षांनी पुस्तक नारळाशेजारी ठेवलं आणि मला विचारलं,

"तू सोता छापील बोलतोस, न् आमीच तेवढे अडानी काय रे?"

"पण तुम्ही आत्ताही तसंच बोलताय."

"ते घरातलं हाय. घरातल्या कापडांवर कोन फोटू काडतो काय?"

यावर मी बोलीच्या श्रीमंतीवर व्याख्यान झोडलं. कुणी ढुंकून पाहिलं नाही. ठराव झाला: पुढच्या पुस्तकात वाडीतल्या सगळ्यांनी, गुराख्यासकट, शुद्ध बोलायचं, गावठी फक्त तहसीलदाराच्या तोंडी. बैल हाकताना काय करायचं, यावर तासभर खल होऊन बैलांना सूट मिळाली. मी निमूट सही केली.

काकी कोपऱ्यात बसून होती. अंमलबजावणी मात्र तिने त्याच दिवशी सुरू केली. घरी गेलो तर म्हणाली, "बसा. आपण चहा घेणार का?"

मला हसू फुटलं. "अगं काकी, मी आहे!"

"हो, माहीत आहे."

रागाने नव्हे, धास्तीने बोलत होती. तोंडातून गेलेलं उद्या छापून येईल, म्हणून एकेक शब्द पारखून बाहेर सोडत होती. मी शपथा घेतल्या, पाया पडलो. मला माझी काकी परत हवी होती. तिने "आयुष्मान व्हा" म्हटलं.

वर्ष झालं त्याला. परवा गेलो तेव्हा ती ओटीवर मुंबईच्या लेकीशी फोनवर तावातावाने बोलत होती. "नाय गो, मला काय धाड भरलीय? कालच चिंबोऱ्या खाल्ल्या, दोन वाडगं सार प्याले!" मी पायरीशीच थांबलो. किती दिवसांनी ऐकत होतो. तेवढ्यात तिचं लक्ष गेलं. पदर सारखा करून तिने आवाज उतरवला.

"ठेव गो आता. मंग बोलू. लिवनारा आलाय."