यमुनाबाईची फुंकर

संगमेश्वरकडच्या त्या वाडीतली निम्मी माणसं यमुनाबाईच्या हातावर जन्मली होती. मूल रडलं नाही, तर ती त्याच्या तोंडाला तोंड लावून फुंकर घालायची. एखादं रडायचं, एखादं नाही. न रडलेल्याची आई विचारायची, "काकी, जीव व्हता काय गो?" यमुनाबाई न चुकता सांगायची, "व्हती बाय, जराशी धुगधुगी व्हती." खरं असो-नसो, आईला तेवढाच आधार.

पंचावन्न साली शिमग्यानंतर चिमाने तिला चोरून बोलावलं. चिमा विधवा. मूल निळं, निपचित आलं. यमुनाबाईने फुंकून फुंकून पाहिलं. छाती फुगायची आणि बसायची, बस्स. चिमाने तोच प्रश्न विचारला, यमुनाबाईने तेच उत्तर दिलं. चिमाने मूल काजूच्या झाडाखाली पुरलं. चौथ्या दिवशी कुणकुण लागून भिकाजी पोलीस पाटलाने ते उकरून काढलं आणि चिमावर मूल मारल्याचा खटला उभा राहिला.

तिला सोडवील असं एकच माणूस होतं. यमुनाबाई साक्ष द्यायला एस.टी.त बसून रत्नागिरीला गेली.

कोर्टात आधी डॉक्टर बोलले. फुप्फुसाचा तुकडा पाण्यात टाकला, तो तरंगला; म्हणजे आत हवा गेली होती. पूर्वी अशा मुलांबद्दल जो तो डॉक्टर आपल्या मनाचं लिही. आता आरोग्य खात्याने साऱ्या जिल्ह्यांसाठी शब्द ठरवून दिले होते: 'जिवंत जन्म' किंवा 'मृत जन्म'. हवा गेली असेल तर पहिला. डॉक्टरांनी पहिला लिहिला होता.

"ती हवा माजी, सायब!" यमुनाबाई पिंजऱ्यातून म्हणाली. "मीच फुकली."

सरकारी वकील हसले. "मेलेल्यात फुंकर घालतेस? मग मसणातही जात असशील!"

कोर्टात हशा पिकला.

"पोर मेला का जिता, ता फुकल्याबिगर कळत नाय."

"बरं. मग काय कळलं? चिमाला तू काय सांगितलंस? शपथेवर बोल."

यमुनाबाईने चिमाकडे पाहिलं. "धुगधुगी व्हती, म्हटलं. पन ता मी समद्यांनाच..."

"धुगधुगी! म्हणजे जिवंत की मृत?"

"दोनी नाय, सायब."

"दोन्ही नाही असा शब्द इथे नाही, म्हातारे. मेलेल्याला धुगधुगी असते?"

"नसती."

"झालं," म्हणून वकील खाली बसले.

चिमाला जन्मठेप झाली. शिपाई नेत असताना ती दाराशी थांबली. "काकी, कशाला गो फुकलंस? आणि फुकलंस ता फुकलंस, माज्याशी गोड कशाला बोललंस?"



पुढच्या वर्षी वाडीतली मथुरा बाळंतपणात अडली. मूल बाहेर आलं ते रडेना.

"अगो, फुक की!" मथुरेची सासू ओरडली. "बघतंस काय?"

यमुनाबाईने ओठ मिटून घेतले. सासूने तिचा खांदा गदागदा हलवला, शिव्या घातल्या. यमुनाबाई हलली नाही.

"काकी," मथुरेने पडल्या पडल्या विचारलं, "जीव व्हता काय गो?"

"नाय," यमुनाबाई म्हणाली. "मेलेलाच जन्मला."

तिचा हात पोराच्या छातीवर होता. आतली धडधड अजून पुरती थांबली नव्हती.